‘किती पाण्यात?’: द्रावणाची संहती आणि आपले शेतीकाम

कोणत्याही गावी कृषिविषयक सभा संपली म्हणजे शेतकरी बंधू कार्यकर्त्याभोवती जमतात आणि बहुधा एकच प्रश्न विचारतात, “साहेब, औषध किती घालू?” या प्रश्नाला ‘एक झाकण घाला’, ‘दोन झाकणे घाला’ असे उत्तर मिळते आणि विचारणारा समाधानाने घरी जातो. या संवादात विचारणाऱ्याने एक प्रश्न विचारावयाचा राहून गेलेला असतो, आणि उत्तर देणाऱ्यानेही तो आपण होऊन उपस्थित केलेला नसतो. तो प्रश्न म्हणजे, “किती पाण्यात?” प्रस्तुत लेखकाचे असे स्पष्ट मत आहे की, आपल्या फवारण्या, बीजप्रक्रिया आणि पाण्याच्या पाळ्या यांत जे नुकसान होते, त्यातील बराच भाग या एका न विचारलेल्या प्रश्नामुळे होतो. रसायनशास्त्रात या प्रश्नाच्या उत्तराला एक नाव आहे. ते नाव ‘संहती’ होय. हा शब्द शाळेच्या पुस्तकात ठेवून भागणार नाही, तो बांधावर आणला पाहिजे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

शब्दाचा अर्थ

मीठ पाण्यात विरघळविले असता जे तयार होते त्याला द्रावण म्हणतात. विरघळणारा पदार्थ, म्हणजे मीठ, हे द्राव्य; आणि ज्यात ते विरघळते ते पाणी म्हणजे द्रावक. ठराविक द्रावणात द्राव्य किती आहे, हे सांगणारे माप म्हणजे त्या द्रावणाची संहती. बोलीभाषेत आपण ‘कडक’, ‘जहाल’, ‘पातळ’ असे शब्द वापरतो. त्या शब्दांनी दिशा कळते, पण माप कळत नाही. संहती म्हटली की आकडा आला.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. संहती ही केवळ द्राव्याच्या वजनावर ठरत नाही. शंभर ग्रॅम मीठ एका लिटर पाण्यात घातले तर एक संहती होते आणि तेच शंभर ग्रॅम दहा लिटरांत घातले तर तिच्या दशांशाइतकी दुसरी होते. मीठ तेवढेच, पण चव निराळी, गुण निराळा आणि परिणामही निराळा. तसेच, तयार द्रावणातून एक पेला काढून घेतला तर पेल्यातील मीठ थोडे असते, परंतु पेल्यातील आणि घागरीतील संहती सारखीच असते. ‘एकूण किती’ आणि ‘दर लिटरला किती’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. या दोहोंचा गोंधळ हेच पुढील सर्व घोटाळ्यांचे मूळ आहे.

ही कल्पना आपल्याला नवी नाही

शब्द नवा वाटला तरी कल्पना शेतकऱ्याच्या घरात जुनीच आहे. दूध घातल्यावर डेअरीत जो ‘फॅट’ लागतो, तो शंभर भाग दुधात स्निग्धांश किती हे सांगतो. उसाच्या रसाचा ‘ब्रिक्स’ वीस आला, म्हणजे शंभर ग्रॅम रसात सुमारे वीस ग्रॅम विरघळलेले घन पदार्थ असून त्यांत मुख्यत्वे साखर आहे, हे ऊसवाल्याला आणि द्राक्षबागायतदारालाही ठाऊक असते. ही सर्व शंभर भागांत किती भाग हे सांगणारी मापे आहेत, आणि त्यांवर पैशाचा हिशेब होतो म्हणून ती कोणी चुकवीत नाही.

घरातील गृहिणीला तर संहतीचा परिणामही माहीत आहे. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की थोड्याच वेळात त्यांना पाणी सुटते. बाहेरचे मीठद्रावण फोडीतील रसापेक्षा अधिक कडक असल्यामुळे फोडीतील पाणी बाहेर ओढले जाते. पानावर अति कडक द्रावण पडले म्हणजे पानाचेही लोणच्याच्या फोडीसारखेच होते. कडा करपतात, पान वाळते, आणि आपण म्हणतो ‘औषध लागले’. मुळांभोवतीच्या ओलाव्यात क्षार वाढले म्हणजेही तेच घडते. जमीन ओली दिसते, पण पिकाला ते पाणी घेता येत नाही.

टक्का आणि दशलक्ष भाग

शेतीच्या शिफारशींत संहती बहुधा टक्क्यांत सांगितलेली असते. व्यवहारापुरता नियम सोपा आहे. एक टक्का म्हणजे १०० लिटरांत १ किलो, १० लिटरांत १०० ग्रॅम आणि १ लिटरात १० ग्रॅम. एवढे पाठ झाले की बाकीचे त्यातून निघते. कपाशीवर २ टक्के युरिया फवारावयाचा असेल तर दर लिटरला २० ग्रॅम, १० लिटरांना २०० ग्रॅम आणि १५ लिटरांच्या पंपाला ३०० ग्रॅम युरिया लागतो. एखाद्याने अंदाजाने त्याच पंपात किलोभर युरिया टाकला तर संहती साडेसहा टक्क्यांच्या वर जाते. खत वाया गेले ते गेलेच, शिवाय पानेही करपतात.

फार थोड्या प्रमाणात लागणाऱ्या द्रव्यांसाठी ‘दशलक्षांत किती भाग’ असे माप वापरतात. ‘पीपीएम’ ही अक्षरे द्राक्षबागायतदारांच्या कानांवरून गेलेली असतात. पाण्याच्या बाबतीत एक पीपीएम म्हणजे एका लिटरात एक मिलिग्रॅम, आणि एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम. जिबरेलिक आम्लाचे १० पीपीएम द्रावण करावयाचे तर १०० लिटर पाण्याला अवघा १ ग्रॅम शुद्ध पदार्थ लागतो. जेथे ग्रॅमावर काम चालते तेथे चिमटीचा अंदाज किती महाग पडेल, हे सांगावयास नको.

बाजारातील औषध क्वचितच शुद्ध असते. डब्यावर ‘३० टक्के’ असे छापलेले असते, त्याचा अर्थ त्यात क्रियाशील घटक तेवढाच आहे. शिफारस ०.०३ टक्के घटकाची असेल तर हिशेब असा करावा: हवी असलेली संहती गुणिले द्रावणाचे आकारमान, भागिले डब्यावरील टक्के. दहा लिटरांसाठी ०.०३ गुणिले १०,००० मिलिलिटर, भागिले ३०, म्हणजे १० मिलिलिटर. तेच औषध दुसऱ्या डब्यात ६० टक्क्यांचे मिळाले तर ५ मिलिलिटर पुरतील. ‘मागल्या वर्षी एक झाकण घातले होते’ या आठवणीवर विसंबणारा माणूस अशा वेळी नकळत दुप्पट विष ओततो. शिवाय झाकणेही सर्व सारखी नसतात.

तीन ओळखीची उदाहरणे

पहिले उदाहरण बाजरीचे. अरगट रोगाच्या बुरशीगाठी बियाण्यातून वेगळ्या काढण्यासाठी २० टक्के मिठाच्या द्रावणाची शिफारस आहे, म्हणजे १० लिटर पाण्यात २ किलो मीठ. (काटेकोरपणे पाहता पाण्यात मीठ वरून घातल्यामुळे वजनाने ते १७ टक्क्यांच्या आसपास भरते, परंतु शेतीव्यवहारात त्यालाच वीस टक्के म्हणण्याचा प्रघात आहे.) एवढे मीठ कशासाठी, असे पुष्कळांना वाटते. मीठ येथे बुरशी मारण्यासाठी घातलेले नसून पाणी जड करण्यासाठी घातलेले असते. संहती वाढली की द्रावणाची घनता वाढते. निरोगी, भरलेले बी तळाशी बसते आणि हलक्या बुरशीगाठी व पोचट बी वर तरंगते. ते काढून जाळून टाकावे. काटकसर म्हणून दोन किलोंऐवजी अर्धा किलो मीठ घातले तर द्रावण पुरेसे जड होत नाही, काही गाठी बियाण्याबरोबर तळाशी बसतात आणि शेतकरी ‘बीजप्रक्रिया केली’ या समाधानात रोग पेरतो. भातासाठी मात्र ३ टक्क्यांचे, म्हणजे १० लिटरांस ३०० ग्रॅम मिठाचे द्रावण पुरते. दोन्ही ठिकाणी तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुऊन सावलीत वाळविणे आवश्यक आहे, नाही तर बियाला चिकटलेले मीठ उगवणीच्या आड येते.

दुसरे उदाहरण बोर्डो मिश्रणाचे. फ्रान्समधील बोर्दो परगण्यात मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ साली हे मिश्रण प्रसिद्धीस आणले, आणि आजही नारिंगी संत्र्यापासून कोकणातील सुपारीपर्यंत त्याचा उपयोग होतो. एक टक्क्याच्या मिश्रणास १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते. दोन्ही पदार्थ धातूच्या नव्हे अशा वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून, मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या निवळीत हळूहळू ओतून ढवळावे. लोखंडी पाते त्यात बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढला तर विरघळलेले तांबे अद्याप मोकळे आहे असे समजून आणखी चुना घालावा. ही कसोटी संहतीचीच आहे. मिश्रणात एकूण तांबे किती, हे ती सांगत नाही. विरघळलेल्या स्वरूपात शिल्लक किती, हे सांगते, आणि पान जाळते ते हे विरघळलेले तांबेच. खोडाला लावावयाच्या बोर्डो मलमात तेच दोन पदार्थ एकेक किलो घेतात, पण पाणी फक्त १० लिटर. म्हणजे संहती दहापट. खोडाची जाड साल जे सोसते ते कोवळे पान सोसणार नाही. पदार्थ तेच, वजन तेच. फरक केवळ पाण्याचा.

तिसरे उदाहरण निंबोळी अर्काचे. ५ टक्के अर्क म्हणजे ५ किलो कुटलेल्या निंबोळ्या पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात पाणी घालून एकूण १०० लिटर करणे. ‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अगोदर शंभर लिटर पाणी मोजून घेऊन त्यात वरून वीस लिटर अर्क ओतला तर द्रावण एकशेवीस लिटर होते आणि पाच टक्के सवाचार टक्क्यांच्या खाली येतात.

संहती निराळी, एकरी मात्रा निराळी

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. फवारणीत दोन आकडे एकाच वेळी सांभाळावे लागतात. दर लिटरला किती, ही संहती. आणि एकराला एकूण किती, ही मात्रा. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे एकरी लागणारे पाणी.

समजा, एखादे औषध पाठीवरील हातपंपासाठी १० लिटर पाण्यात १० मिलिलिटर असे सांगितले आहे आणि एकराला २०० लिटर पाणी लागते. म्हणजे एकरी मात्रा २०० मिलिलिटर झाली. पेट्रोलवर चालणारा पंप बारीक तुषार उडवीत असल्यामुळे त्याला सुमारे तिसरा हिस्सा पाणी पुरते. म्हणूनच ‘पॉवर पंपासाठी औषधाचे प्रमाण तिप्पट करावे’ अशी सूचना शिफारशीच्या तळाशी छापलेली आढळते. या सूचनेत संहती तिप्पट होते, मात्रा तीच राहते. परंतु हे स्पष्ट करून न सांगितल्यामुळे दोन प्रकारच्या चुका होतात. कोणी तिप्पट औषध घालून पंपही पूर्वीइतकेच मारतो, त्याच्या एकरात दोनशेऐवजी सहाशे मिलिलिटर जातात. कोणी प्रमाण तेच ठेवून पाणी मात्र एक तृतीयांश वापरतो. त्याच्या एकरात जेमतेम ६७ मिलिलिटर पडतात, कीड मरत नाही, उलट औषधाला सरावते. हल्ली ड्रोनने फवारणी होऊ लागली आहे. तेथे एकरी दहा लिटरांच्या आसपास पाण्यात काम भागवितात, म्हणून संहती आणखी कितीतरी वाढते. यास्तव ज्या औषधाच्या वेष्टनावर अशा वापरास मान्यता असेल तेच औषध त्यासाठी घ्यावे.

हा केवळ हिशेबाचा प्रश्न नाही. २०१७ साली पावसाळ्याच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामागे डोक्याइतकी वाढलेली पिके, संरक्षक कपड्यांचा अभाव, अनेक औषधे एकत्र करण्याची पद्धत, बारीक तुषार उडविणारे पंप अशी अनेक कारणे सांगितली गेली. त्यातील कोणते कारण किती मोठे याचा निवाडा येथे करावयाचा नाही. पण एवढे निश्चित की, तुषार जितका बारीक आणि द्रावण जितके कडक, तितके फवारणाऱ्याच्या श्वासातून व कातडीतून जाणारे विष अधिक. एका पंपात तीन औषधे प्रत्येकी योग्य प्रमाणात घातली तरी त्या पाण्यातील विषांची बेरीज तिप्पटच होते. पंप पाठीवर घेणारा बहुधा मजूर असतो, प्रमाण ठरविणारा दुसराच कोणी असतो. ज्याला आकडा ठाऊक नाही त्याच्याच अंगावर त्याचा परिणाम होतो. म्हणूनच द्रावणाची संहती मजुराला सांगणे हे मालकाचे आणि कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.

विहिरीतील न दिसणारे द्रावण

फवारणीचे द्रावण आपण स्वतः करतो. विहिरीचे पाणी हे निसर्गाने केलेले द्रावण आहे, आणि ते आपण न मोजताच शेताला देतो. पाण्यात विरघळलेले क्षार जितके अधिक तितकी त्याची विद्युत्‌वाहकता अधिक. तिचा आकडा पाणी-परीक्षणाच्या अहवालात असतो. ही वाहकता मीटरला एक डेसिसीमेन असेल तर लिटरला सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार आहेत असे धरतात. लिटराला पाऊण ग्रॅमही नाही, म्हणून कोणाला भीती वाटत नाही. पण हिशेब करून पाहा. एका एकरास ५ सेंटिमीटर पाण्याची एक पाळी दिली म्हणजे सुमारे दोन लाख लिटर पाणी गेले. त्याबरोबर १२५ किलोंहून अधिक क्षार शेतात आले. दहा पाळ्यांत तेरा क्विंटलांच्या आसपास! उन्हाने पाणी उडून जाते, पीकही पाणी शोषून घेते, क्षार मात्र बहुतांशी मागे राहतात. द्रावक निघून गेला आणि द्राव्य उरले, म्हणजे संहती वाढत जाणारच. निचरा असला तर पावसाचे पाणी ते क्षार खाली धुऊन नेते. भारी काळ्या जमिनीत निचरा नसला आणि पाणी वारेमाप दिले, तर पाणी वर चढते, पांढरा फुलोरा येतो आणि उसाची जमीन क्षारपड होते.

हे संकट आजचे नव्हे. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, आणि पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे यांना १९१० सालीच नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. त्यानंतर शंभरावर वर्षे लोटली. कृष्णाकाठी जाऊन पाहिले तर हा धडा आपण पुरता गिरविला असे म्हणवत नाही.

अहवाल वाचतानाही ‘किती पाण्यात?’ हाच प्रश्न विचारावा. संपृक्त मातीच्या अर्काची वाहकता चारपेक्षा अधिक असेल तर जमीन क्षारयुक्त समजतात. पण पुष्कळ प्रयोगशाळा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून वाहकता मोजतात. पाणी अधिक, म्हणून आकडा लहान. त्या आकड्याला चारची कसोटी लावून ‘आपली जमीन उत्तम’ असा निर्वाळा देणारा कार्यकर्ता शेतकऱ्याची फसवणूक करतो, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो.

आक्षेप आणि उत्तर

काही अनुभवी मंडळी म्हणतील की, शेतकऱ्याला टक्केवारीच्या जंजाळात कशाला पाडता? त्याला ‘पंपाला इतके’ एवढे सांगितले की पुरे. हा आक्षेप सहानुभूतीतून येतो, हे मान्य केले पाहिजे. घाईच्या दिवसांत सोपी सूचनाच उपयोगी पडते. पण ज्या काळात गावातील सर्व पंप एकाच मापाचे होते, त्या काळी ती सूचना सुरक्षित होती. आज एकाच वस्तीत दहा, पंधरा, सोळा आणि वीस लिटरांचे पंप नांदतात. एकच ‘पंपाला इतके’ त्यांतून चार निरनिराळ्या संहती तयार करते. सोपी सूचना आणि चुकीची सूचना यांत फरक आहे. शिवाय जो शेतकरी ‘फॅट’चा एक दशांश चुकला तर डेअरीत हुज्जत घालतो, त्याला टक्का समजत नाही असे मानणे हा त्याचा अधिक्षेप आहे. त्याला टक्का समजतो, आपण तो समजावून सांगण्याचा आळस करतो.

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांपुढे चार गोष्टी ठेवाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक शिफारस ‘दर लिटरला किती आणि एकरी एकूण किती’ अशा दोन्ही आकड्यांत सांगावी. एकटा आकडा सांगूच नये. दुसरी, गावातील प्रत्येक पंपावर तो किती लिटरांचा आहे हे रंगाने ठळक लिहून घ्यावे. तिसरी, मापाचा पेला आणि लहान तराजू प्रत्येक फवारणी करणाऱ्याजवळ असावा, आणि तो स्वयंपाकघरात कधीही जाऊ नये. चौथी, हंगामापूर्वी एकदा केवळ पाण्याने फवारून आपल्या पंपाला व आपल्या चालीला एकरी किती पाणी लागते हे प्रत्येकाने मोजावे. हा आकडा कळल्यावाचून कोणतीही शिफारस खरी लागू पडत नाही. या चारही गोष्टींना फारसा खर्च नाही, एक सकाळ पुरेशी आहे.

‘संहती’ हा शब्द उच्चारावयास जड वाटला तर न का उच्चारीनात. पण त्यामागचा प्रश्न मात्र प्रत्येक बांधावर ऐकू आला पाहिजे. यापुढे कोणी ‘औषध किती?’ असे विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी आपण उलट विचारावे, “किती पाण्यात? आणि किती रानाला?” ही दोन उत्तरे मिळाल्यावर तिसरे आपोआप निघते. पुढे विचारणाराच ती घेऊन येऊ लागला, म्हणजे आपले विस्तारकार्य त्या गावी रुजले असे समजावे.